तालीम : गाण्याची आणि अंगाची

मराठीत ‘तालीम’ या शब्दाला तीन घरे आहेत. गवयाकडे तालीम म्हणजे गुरूसमोर बसून घेतलेले शिक्षण. नाटक मंडळीत तालीम म्हणजे प्रयोगाआधीची उजळणी. आणि पेठेत तालीम म्हणजे मारुतीच्या देवळाशेजारची ती ठेंगणी, अंधारी इमारत, जिच्या दारातून तेल, माती आणि घाम यांचा वास रस्त्यापर्यंत येतो. यांपैकी पहिल्या तालमीत माझे सारे आयुष्य गेले. तिसऱ्या तालमीची पायरी मात्र मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथम चढलो. चढलो म्हणण्यापेक्षा उतरलो म्हणावे, कारण आमच्या तालमीचा हौदा रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली आहे. त्या तीन पायऱ्या उतरावयास इतकी वर्षे का लागली आणि उतरल्यावर काय हाती आले, ते आज वाचकांस सांगावयाचे आहे.

गाणे शिकविणाऱ्याचा दिवस मांडी घालून जातो. सकाळी दोन तास, दुपारी एखादा शिष्य, संध्याकाळी पुन्हा तीन तास. काचीगुड्याला एका स्नेह्यांकडे घरगुती बैठक होती. गाणे बरे झाले. उठताना मात्र गुडघे ऐकेनात, तेव्हा मागे तंबोऱ्यावर बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या शिष्येच्या खांद्यावर हात टेकून मी उभा राहिलो. पुढच्या महिन्यात त्याच घरी गेलो, तो गादीशेजारी एक खुर्ची मांडून ठेवलेली. कोणी काही बोलले नाही. सगळे आदराने, मायेने केलेले. पण ती खुर्ची मला लागली.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाले, “गुडघ्यांत फारसे काही नाही. मांड्यांतले बळ गेले आहे, बसून बसून.” मी म्हटले, “रोज सकाळी बागेत फिरतो.” ते म्हणाले, “फिरा, जरूर फिरा. पण तेवढ्याने भागत नाही.” पुढे त्यांनी जे समजावून सांगितले ते आता वैद्यकशास्त्रात मान्य झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसासाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. आणि तिच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांनी यांखेरीज तोल सांभाळण्याचा अभ्यास तीन दिवस करावा, असे तीत आहे. दीडशे मिनिटे म्हणजे रोजची एकवीस-बावीस मिनिटे. एक विलंबित ख्याल गाण्याइतका वेळ. तरीही ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या पाहणीप्रमाणे २०२२ साली भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या अंगाला एवढेही श्रम नव्हते. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२ च्या आसपास, स्त्रियांत शेकडा ५७.

हे ऐकून मी प्रथम यंत्रांच्या व्यायामशाळेत नाव घातले. यंत्रांत दोष नव्हता. अनेकांना त्यांचा उत्तम गुण येतो. दोष माझ्यातच होता. दहा वेळा ओढायचे, मोजायचे, पुन्हा दहा वेळा ओढायचे. पण कालच्यापेक्षा आज नवे काय कळले, याचे उत्तर मिळेना. ज्याने एकेक तान महिनोन् महिने घासून बसविली त्याला शिकण्यासारखे काही नसले की कंटाळा येतो. महिन्याच्या अखेरीस मी जाणे सोडले. तेव्हा माझ्या साथीला बसणारे तबलजी म्हणाले, “मास्तर, तुम्हाला व्यायाम नको आहे. तुम्हाला उस्ताद पाहिजे.” आणि ते मला मुसीपलीकडे, नयापुलावरून जुन्या शहरातल्या एका तालमीत घेऊन गेले.

उस्ताद सत्तरीचे. लहानपणापासून कुस्ती आणि लाठी केलेले, नोकरीत असताना बसगाड्या दुरुस्त केलेले. माझ्याकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिले. कोपऱ्यात वेताच्या लाठ्या उभ्या होत्या, तिकडे माझी नजर गेलेली पाहून म्हणाले, “वो बाद में. पैले खडे होना सीको, मास्टरसाब.”

आणि खरोखरच पंधरवडाभर मी उभे राहणे शिकलो. एक पाय पुढे, एक मागे. दोन्ही गुडघे किंचित वाकलेले. कंबर खाली, पाठ सरळ. भार दोन्ही पायांवर सारखा. नजर समोरच्या माणसाच्या छातीवर. याला पवित्रा म्हणतात. ‘अमक्याने पवित्रा घेतला’ असे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. तो प्रत्यक्ष घेऊन दोन मिनिटे टिकवून पाहावा, म्हणजे मांडीच्या हाडाला किती स्नायू चिकटले आहेत ते एकेक करून समजते. माझे पाय थरथरत. दहा-दहा वर्षांची पोरे शेजारी उभी राहून तोंडावर हात धरून हसत. त्यांच्यासमोर थरथरत उभे राहणे, हे माझ्यासारख्या मास्तर म्हणवून घेणाऱ्याला बैठकांपेक्षा जड गेले. पण चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आले की, हा तर षड्ज लावणे चालले आहे. आमच्याकडेही नवा शिष्य राग मागतो आणि आम्ही त्याला ‘सा’वर बसवून ठेवतो. इतकी वर्षे मी ज्या बाजूने ती शिस्त दिली, तीच आता दुसऱ्या बाजूने घेत होतो.

मग लाठी आली. उभे राहिल्यावर कानाच्या पाळीला लागेल एवढी लांब. पहिला हात म्हणजे नुसती फिरकी : मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून, शेवटी सगळ्या कमरेतून. उजव्या बाजूला जेवढी तेवढीच डाव्या बाजूला. मग चालताना फिरकी, वळताना फिरकी, दोन दिशांना वार, चार दिशांना वार. दिसायला तो खेळ हातांचा. करणाऱ्याला कळते की तो पायांचा आहे. पाय बदलल्याशिवाय काठी वळत नाही, आणि काठीच्या ओढीत तोल सांभाळल्याशिवाय पाय बदलत नाही. खांद्याचा सांधा, जो आम्हा बैठ्या लोकांचा प्रथम आखडतो, तो सर्व बाजूंनी फिरतो. श्वास रोखला की दहाव्या फिरकीला धाप लागते, म्हणून तो आपोआप काठीच्या लयीत येतो. आणि लक्ष जरा ढळले की काठी आपल्याच कानशिलाला प्रसाद देते. तेवढ्या वेळात घरची काळजी किंवा शेजाऱ्याचे भांडण मनात येण्यास जागाच उरत नाही. सहा महिन्यांनी मी मांडीवरून हात न टेकता उठू लागलो. एवढेच माझे पदक.

घरी हे कळले तेव्हा आमच्या वडील मंडळींना ते रुचले नाही. गवयाच्या घरात मनगट आणि गळा जपावयाचा असतो. लहानपणी मला याच कारणाने तालमीपासून दूर ठेवले होते. पण गाणे आणि मल्लविद्या एका घरात नांदत नाहीत, ही समजूत अलीकडची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आपल्याच हैदराबाद राज्यात होते. संगीताचे अभ्यासक हा ग्रंथ त्यातील गीत, वाद्य आणि नृत्य यांच्यासाठी उघडतात, मराठीचे अभ्यासक त्यात आलेल्या जुन्या मराठी पदांसाठी. त्याच ग्रंथात मल्लांचेही प्रकरण आहे, आणि मल्लस्तंभ, म्हणजे आपला मलखांबही आहे. राजाने ही सगळी विनोदांचीच प्रकरणे मानली. विनोद म्हणजे मन रमविणाऱ्या विद्या.

मलखांबाचे नाव निघाले की पुण्याचे लोक एक गोष्ट सांगतात, आणि आपण हैदराबादकरांनी ती हसून ऐकावी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या मुलुखातून अली आणि गुलाब हे दोन नामांकित पैलवान पुण्यास गेले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने आव्हान उचलले, पण आधी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगीपाशी त्याने उपासना केली. तेथे मारुतीने त्याला लाकडी खांबावरच्या उड्या आणि पकडी दाखविल्या, अशी आख्यायिका आहे. परत येऊन त्याने गुलाबला चीत केले आणि अलीने लढणे टाळले. पुढे बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या महाराष्ट्रभर नेली. पुणेकरांना या गोष्टीत पुण्याचा विजय दिसतो. मला तीत ती मुदत दिसते. ज्याला येत नव्हते त्याने येत नाही असे ओळखले, आणि शिकावयास वेळ घेतला.

ज्या दरबारांनी गवई पोसले त्यांनीच पैलवानही पोसले. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेब होते, आणि १९१२ मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधून घेणारे महाराजही तेच. बडोद्यास सयाजीरावांच्या पदरी फैयाज खाँ होते, आणि त्याच शहरात जुम्मादादांच्या आखाड्यातून प्रोफेसर माणिकराव तयार झाले. तेथेच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. मारुतीचे नाव घेऊन मातीत उतरणारा हिंदू आणि अलीचे नाव घेऊन उतरणारा मुसलमान एकाच उस्तादाचा शागीर्द असावयाचा, हे तर गाण्यासारखेच. आपल्या शहराने त्यात अरबांचीही भर घातली. निजामाच्या अरब सैनिकांच्या बराकी जेथे होत्या त्या बारकसमध्ये कुस्तीचा नाद आजही आहे. आणि त्या अरबांच्या कमरेचा जंबिया, त्याच नावाने, मराठी व्यायामशाळांच्या कवायतीत लाठी, फरीगदगा आणि भाला यांच्या रांगेत येऊन बसला.

संस्थाने गेली तेव्हा गवयांना आकाशवाणीने आणि शाळांनी हात दिला. तालमींच्या वाट्याला तसा आधार फार थोडा आला. शिवाय आपल्या शहरात ‘पहिलवान’ या शब्दाला जमिनीच्या भांडणांचा आणि दांडगाईचा वास चिकटला, आणि आपल्या मराठी घरांनी मुलांना तिकडे पाठविणे बंद केले. यात आपलीही चूक आहे. चार दांडग्यांच्या नावाने आपण तालमीचे दार लावून घेतले. आणि उरलेल्या भल्या माणसांना, माझ्या उस्तादांसारख्यांना, शिष्यांवाचून ठेवले. सकाळी त्यांच्याकडे आज नऊजण येतात. त्यांतली सहा शाळकरी मुले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने लढण्याची विद्या शिकून करावयाचे काय? कोणाशी लढावयाचे आहे? याचे उत्तर जपानात एका शिक्षकाने केव्हाच देऊन ठेवले. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत आपली शाळा काढली. रणांगणावरच्या जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी सरावातून बाजूला ठेविले, पडावे कसे हे आधी शिकविले, आणि जे उरले त्याला ज्यूडो हे नाव दिले. हेतू बदलला की तीच विद्या शरीराची आणि स्वभावाची शाळा होते, हे त्यांनी दाखविले. चीनमधील ताई-ची हीही मुळात युद्धविद्याच. आता म्हातारी माणसे ती बागेत संथपणे करतात. अनेक चाचण्या एकत्र पाहून २०१९ साली जो निष्कर्ष काढला गेला त्यात तिच्यामुळे वृद्धांचे पडण्याचे प्रमाण पाचव्या हिश्शाने कमी होऊ शकते असे आढळले. साठीच्या पुढे आपले खरे प्रतिस्पर्धी म्हणजे न्हाणीघरातली ओली फरशी आणि जिन्याची शेवटची पायरी. त्यांच्याशी लढण्यासाठी पवित्रा आधीपासून बसलेला असावा.

आणि हे काही फक्त परदेशात घडले असे नव्हे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधी सँडोच्या साधनांवर वर्षानुवर्षे व्यायाम केला, आणि चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे त्यांचा प्रचार त्यांनी घरोघर केला. १८६८ सालचा त्यांचा जन्म, १९५१ साली ते निवर्तले. मुंबईस दादरला १९२५ साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी मलखांब सर्व वयांच्या लोकांना आणि अंधांनाही शिकविला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मलखांब २०२१ पासून ‘खेलो इंडिया’च्या खेळांत आला आहे. मुलांसाठी दार उघडले, ही आनंदाची गोष्ट. प्रौढांनी मात्र ते आपले आपण लोटावयाचे आहे.

ज्यांना ते लोटावेसे वाटेल त्यांच्यासाठी, उस्तादांकडून आणि डॉक्टरांकडून ऐकलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली : रक्तदाब, हृदय, मधुमेह किंवा जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरुवात करू नये. दुसरी : या वयात कुस्तीने आरंभ करू नये. मातीत पडण्याची सवय लहानपणी लागते. लाठी घ्यावी, किंवा जवळ कराटेचा चांगला वर्ग असेल तर तो; पण शिकविणाऱ्याला आधीच सांगावे की, जोडीदाराशी झुंज इतक्यात नको. तिसरी : जोर प्रथम भिंतीला हात टेकून काढावेत, मग ओट्याला, मग जमिनीवर, बैठक अर्धीच घ्यावी, आणि श्वास कोंडून काहीही करू नये. चौथी : रोज थोडे. एक दिवस दोन तास आणि मग आठवडाभर अंगदुखी, हा रियाझ नव्हे. सांध्यात टोचणारे दुखणे आणि स्नायूंचे श्रमाने दुखणे यांतला फरक ओळखावा. पहिले आले की त्या दिवशी थांबावे.

उस्तादाची निवडही गाण्याच्या गुरूसारखीच करावी. पहिल्याच दिवशी जो स्वतःचे डाव दाखवून दिपवितो त्याच्यापेक्षा, जो तुमचे पाय पाहतो त्याच्याकडे जावे. चाळिशीतल्या माणसाला पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर पळविणारा शिक्षक कितीही नामवंत असो, आपल्या कामाचा नाही. आणि चूक झाली असता ती पुन्हा करून घेणारा, पण वेळ देऊन करून घेणारा भेटला, तर त्याची दक्षिणा महिन्याच्या महिन्याला न चुकता द्यावी. तालमी याच पैशावर उभ्या असतात.

एक गोष्ट राहिली. शिकलेले हात मी संध्याकाळी गच्चीवर करून पाहात असे. आमच्या सौभाग्यवती वाळवणाच्या निमित्ताने तेथे असत. एके दिवशी त्यांनी काठी मागून घेतली आणि मला दोन आठवडे न जमलेली उलटी फिरकी तिसऱ्या प्रयत्नात काढली. त्यांचे म्हणणे असे की, मी काठीकडे पाहतो आणि त्या लयीकडे. पुढे त्यांनीच विचारले, “तुमच्या तालमीत बायकांना घेतात का हो?” वर शेकडा ५७ हा आकडा लिहिला आहे, तो माझ्या घरात त्या दिवशी बोलला. मी संकोचत उस्तादांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हौदे में नै. सामने के आंगन में. शाम का वखत अलग रखतूँ. मगर पाँच जने तो होना, मास्टरसाब, दो के वास्ते क्या खोलूँ?”

दोघीजणी तयार आहेत : आमच्या घरच्या एक आणि त्यांच्या शाळेतल्या एक बाई. आणखी तिघी पाहिजेत. सुलतान बाजार, काचीगुडा, जामबाग येथल्या आपल्या घरांतून तिघी निघू नयेत असे नाही. अंगणात पारिजातकाचे झाड आहे, आणि उस्तादांनी तिथली फरशी परवा स्वतः घासून काढली, असे मुलांनी सांगितले.

गेल्या महिन्यात काचीगुड्याला पुन्हा बैठक होती. यजमानांनी गादीशेजारी खुर्ची मांडली होतीच. माया एकदा लागली की सुटत नाही. मी नमस्कार केला, खाली बसलो, आणि तंबोऱ्याची गवसणी काढून त्या खुर्चीवर ठेविली.